लाल बासनातील वही

भविष्य सांगून चार पैसे मिळविणे ही गोष्ट आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जितकी जुनी आहे, तितकीच ती चारचौघांत न बोलण्याची आहे. कोणाचे पूर्वज दफ्तरदार होते, कोणाचे फौजेत होते, कोणाचे व्हिक्टोरिया कॉलेजात अध्यापन करीत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तेच आजोबा संध्याकाळी ओसरीवर पंचांग उघडून बसत आणि त्या प्राप्तीतून मुलाबाळांच्या फिया भरल्या जात, हे सांगताना आपला आवाज नकळत खाली येतो. या जोडधंद्याचा इतिहास लिहावा असे आम्हांला कधी वाटले नव्हते. तो लिहिण्याची वेळ आमच्या पुतणीने आणली.

पुतणी एका खासगी कंपनीत नोकरी करते. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी तिने सहज सांगितले की, रात्री आठनंतर ती दूरध्वनीवरून ‘टॅरो’चे पत्ते मांडून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देते, आणि घराच्या कर्जाचा काही भाग त्यातून फिटतो. आम्ही हातातील चकली खाली ठेवली आणि म्हणालो, “आपल्या घरात हा कुडमुड्या जोशाचा धंदा नको.” ती शांतपणे म्हणाली, “काका, पणजोबांनी घेतली ती दक्षिणा आणि मी घेते ती फी. मग कुडमुडी मीच कशी?”

शासकीय सेवेत आमची सारी उमेद स्पष्टीकरणे मागण्यात गेली. पण या प्रश्नाचे स्पष्टीकरण आम्हांला देता आले नाही. म्हणून आम्ही जुनी पुस्तके काढली, आणि शेवटी माळ्यावरची ट्रंकही काढली.

प्रथम त्या ‘कुडमुड्या’ शब्दाकडेच पाहू. महाराष्ट्रात जोशी दोन प्रकारचे होते. एक ग्रामजोशी. त्याचे नाव बलुतेदारांच्या यादीत असे, तिथी-वार-मुहूर्त सांगणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दलचा हक्क वंशपरंपरेने चालत आलेले वतन. दुसरा दारोदार हिंडणारा. कुडमुडे नावाचे लहानसे वाद्य वाजवीत, बगलेत पंचांग घेऊन तो येई. पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा, बैलाची मान हलवून होकार-नकार घेणारा नंदीबैलवाला, हे त्याचेच सोबती. पहिल्याला मान होता, दुसऱ्याला मूठभर दाणे. सांगत मात्र दोघेही भविष्यच.

या मानामागे कायद्याचे बळही होते. मुंबई इलाख्यात गावच्या जोशाला डावलून दुसऱ्याकडून धार्मिक विधी करविला, तरी वतनदार जोशी आपल्या हक्काची रक्कम न्यायालयातून वसूल करू शकत असे. सत्यशोधकांनी भटजीवाचून लग्ने लावण्यास आरंभ केला तेव्हा यावरून बरेच दावे झाले. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांनी १९२६ मध्ये कायदा झाला आणि न केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हा हक्क संपला. तात्पर्य, ज्या दक्षिणेला आपण स्वेच्छेचे दान समजतो, ती कित्येक ठिकाणी दीर्घकाळ सक्तीची वसुली होती. पुतणीच्या प्रश्नातील पहिला भाग येथेच ढिला पडला. दक्षिणा पवित्र आणि फी हलकी, एवढ्यावर आमचा पक्ष टिकण्यासारखा नव्हता.

आता आपल्या गावाकडे येऊ. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. फौजेमागोमाग कारकून आले, कारकुनांमागोमाग भिक्षुक, वैद्य आणि जोशी आले. येथे ग्रामजोशाचे वतन बरोबर येणे शक्य नव्हते. गाव मागे राहिले होते. त्यामुळे ज्याला गणित येत होते आणि ज्याच्याकडे पंचांग होते, तोच आळीचा जोशी झाला. परमुलखात वतनाचे रूपांतर जोडधंद्यात झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

उत्तरेत मिळणाऱ्या दक्षिणेचा लौकिक दूरवर पसरला होता. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाने गांजलेले होते. बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार, या वार्तेने ते १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेस निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहून परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. हे वैद्य ग्वाल्हेर संस्थानचे मुख्य न्यायाधीश राहिलेले होते. आपण तो ग्रंथ बंडाची हकीकत म्हणून वाचतो. परंतु त्याचा आरंभ एका कर्जबाजारी घराच्या जमाखर्चात आहे, हे विसरता कामा नये.

याच्या अगदी उलट उदाहरण विसाजी रघुनाथ लेले यांचे. जन्म १८२७, मूळचे नाशिकचे, शिंदे सरकारच्या चाकरीनिमित्ताने ग्वाल्हेरीस राहिलेले. चाकरी सांभाळून त्यांनी ज्योतिर्गणिताचा व्यासंग केला, आणि आकाशात प्रत्यक्ष दिसते त्याच्याशी पंचांग जुळले पाहिजे, या आग्रहाने सायन पद्धतीचा पुरस्कार केला. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या दोघांच्या साहाय्याने १८८०च्या दशकात सायन पंचांग निघू लागले. दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात लेल्यांची आदराने नोंद केली आहे. दफ्तरातून घरी येऊन कंदिलाच्या उजेडात ग्रहगणित करणारा हा माणूस आपल्याच गावचा. त्याने कमावले ते पैसे नव्हेत. पंचांगातील चूक दाखविण्याचे धैर्य, हीच त्याची कमाई.

संस्थानानेही गणिताची ही बाजू सांभाळली. सवाई जयसिंहाने उज्जैनीस बांधलेली वेधशाळा पडीक झाली होती. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला. आज ती जिवाजी वेधशाळा म्हणून ओळखली जाते. ग्रहांच्या प्रत्यक्ष स्थिती देणारे तिचे पंचांग १९४२ पासून निघू लागले. ग्रह कोठे आहे हे सांगणे, आणि तो ग्रह तुमच्या मुलीचे लग्न मोडील काय हे सांगणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली तपासता येते. दुसरीसाठी पैसे मिळतात. ओसरीवरचा जोशी या दोन्ही एकाच बैठकीत, एकाच पंचांगावर हात ठेवून करीत असे. आणि पहिलीची प्रतिष्ठा दुसरीला आपोआप लाभत असे.

पुतणीच्या पत्त्यांना ही उसनी प्रतिष्ठा नाही. म्हणून त्यांचाही इतिहास पाहिला. टॅरोचे पत्ते अठ्ठ्याहत्तर : बावीस चित्रांचे आणि छप्पन्न चार रंगांचे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते निघाले, ते खेळण्यासाठी. तीन शतके लोक त्यांनी डाव मांडीत होते. पुढे १७८१ मध्ये कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने, ही प्राचीन मिसरी ज्ञानाची पाने आहेत, असे लिहिले. त्या वेळी मिसरची चित्रलिपी वाचणारा एकही मनुष्य जगात नव्हता. शांपोलियाँने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि जेबेलँच्या कल्पनेला आधार काही मिळाला नाही. पण तोपर्यंत पॅरिसच्या आलियेत नावाच्या गृहस्थाने आपले आडनाव उलटे करून ‘एतेला’ हे नाव घेतले होते आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसाय थाटला होता.

आज सर्वत्र प्रचलित असलेला संच लंडनमध्ये १९०९ मध्ये निघाला. त्याची कल्पना आर्थर वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. काम डोंगराएवढे आणि पैसे अगदी थोडे, अशा आशयाचे पत्र तिने त्या वर्षी एका स्नेह्यास लिहिले होते. १९५१ मध्ये ती कर्जातच वारली. त्या चित्रांवर जगभर किती जणांची पोटे चालली असतील, त्याला गणती नाही. ज्या हातांनी ती रेखाटली, त्यांच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही.

पत्ते आपल्याला नवे नव्हेत. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याच गंजिफाने दशावताराचे रूप घेतले : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, मिळून एकशे वीस गोल पाने. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची ही कला लोपत चालली असता शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. मत्स्य, कूर्म, वराह हाती असूनही आपल्या पूर्वजांनी त्यांवर डाव खेळण्यातच आनंद मानला. भविष्यासाठी त्यांच्याकडे इतर साधने होती : रमलाचे पासे, शकुनवंतीचा तक्ता, आणि या प्रांतात घरोघरी असणाऱ्या मानसाच्या पोथीतील दोनशे पंचवीस घरांची रामशलाका. बाड्याच्या पदपथावर पोपटाकडून पाकीट काढविणारा भविष्यवाला आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेला आहे. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट सुटला. पाकीट काढून घेण्याची माणसाची हौस मात्र सुटली नाही. साधन कोणते, हा मुद्दा आता आमच्या दृष्टीने गौण ठरला. पोपटाने काढलेले पान, बोट ठेवलेले घर आणि पुतणीने उलटलेला पत्ता यांत तत्त्वतः अंतर नाही.

मग अंतर आहे तरी कशात? त्याचे उत्तर माळ्यावरच्या ट्रंकेत होते.

आमचे आजोबा संस्थानच्या एका दफ्तरात कारकून होते. १९४८ च्या २८ मे रोजी मध्यभारत राज्य झाले. दफ्तरे मोडली, नवी मांडली गेली. काही माणसे सामावली, काही घरी बसली. आजोबा पन्नाशी ओलांडलेले होते. ते घरी बसले. घरात खाणारी तोंडे नऊ. त्या दिवसापासून जी हौस होती तिचा धंदा झाला. लाल बासनात बांधलेली त्यांची वही मोडीत आहे. आम्हांला मोडी अडखळतच वाचता येते, म्हणून एका जाणकार स्नेह्याची मदत घेतली आणि पानामागून पान लावले.

डाव्या बाजूस नाव आणि काम, उजव्या बाजूस प्राप्ती. ‘टिपण जुळविले, सवा रुपया.’ ‘वर्षफल, दोन रुपये.’ ‘वास्तूचा मुहूर्त, शेरभर गहू व गूळ.’ कित्येक नावांपुढे नुसते शून्य. १९५७ च्या एप्रिलपासून आण्यांच्या जागी नवे पैसे येतात. आम्ही बेरजा केल्या. त्या पहिल्या आठ वर्षांत घरातील धान्य आणि आमच्या वडिलांच्या शिक्षणाचा खर्च बहुतांशी या उजव्या रकान्यातून झाला, हे स्पष्ट दिसते. वडील शिकले म्हणून नोकरीस लागले, आणि त्यांच्यामुळे आम्ही. ज्या धंद्याला आम्ही फराळाच्या ताटावर नावे ठेवली, त्याचेच अन्न आमच्या अंगी लागलेले आहे.

एवढेच आढळले असते तर आम्ही पुतणीची क्षमा मागून हा विषय संपविला असता. परंतु १९५१ च्या पानावर एक नोंद आहे. आमच्याच आळीतील एका मुलीचे टिपण आजोबांकडे आले होते. त्यांनी कडक मंगळ म्हणून ते स्थळ नाकारावे असे सांगितले. प्राप्ती सवा रुपया. त्याच ओळीच्या समासात निराळ्या शाईने, बहुधा बऱ्याच वर्षांनंतर, तीन शब्द लिहिले आहेत : ‘हे आमच्याकडून चुकले.’

ती मुलगी आम्ही पाहिलेली आहे. आमच्या बालपणी ती पस्तिशीची असेल. मुलींच्या शाळेत शिकवीत असे आणि आळीतील सर्व मुलांची ताई होती. एक स्थळ मंगळामुळे मोडले ही वार्ता फुटली, पुढची आलीच नाहीत. ती रोज सकाळी आमच्या ओसरीवरून शाळेत जाई. आजोबा त्या वेळी पंचांगात डोके घालून बसत, आणि ती दिसेनाशी झाल्यावर मान वर करीत. लहानपणी आम्हांला वाटे, आजोबा गणितात गुंगले आहेत.

त्या नोंदीनंतर काही वर्षांनी वहीतून टिपणे जुळविण्याच्या रकमा नाहीशा होतात. टिपणे येतच होती. पण त्यांपुढे शून्य आहे, आणि बहुतेक ठिकाणी ‘योग्य’ असा शेरा. वहीच्या अखेरच्या पानावर तीन ओळी आहेत. मृत्यू सांगू नये. रोगावर उपाय सांगू नये, वैद्याकडे पाठवावे. चोराचे नाव घेऊ नये. याखाली चौथी ओळ त्याच निराळ्या शाईत : ‘लग्न मोडू नये.’

आता आम्हांला पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. आजोबांचे शास्त्र खरे आणि तिचे पत्ते खोटे, असे ते उत्तर नाही. फलज्योतिष कसोटीला किती उतरते, हे आपल्याच महाराष्ट्रात तपासले गेले आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी २००८ मध्ये दोनशे कुंडल्या जमविल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. कोणती कोणाची हे ओळखावयाचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरे पाठविली. सरासरी शेकडा सेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडविले असते तरी पन्नास आली असती. दुसरीकडे, विद्यापीठांत ज्योतिष शिकविण्याच्या २००१ मधील निर्णयाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली. तेव्हा लोक विचारावयास येत राहणार आणि सांगणारे सांगत राहणार, हे गृहीत धरूनच बोलले पाहिजे.

आमच्याही पदरी एक कबुली आहे. सेवेत असताना आमच्या हाताखालील एक कर्मचारी पत्रिका पाहून पैसे घेतो, अशी तक्रार आली होती. १९६५ च्या आचरण नियमांनुसार शासकीय सेवकाला परवानगीवाचून खासगी धंदा करता येत नाही. प्रासंगिक साहित्यिक, कलात्मक वा वैज्ञानिक कामास मात्र सूट आहे. ज्योतिष यांपैकी कशात बसते, यावर आम्ही दोन पृष्ठांची टिप्पणी लिहिली आणि समज देऊन प्रकरण मिटविले. त्याच गृहस्थाने त्यापूर्वी दुपारच्या सुटीत आमच्या बदलीचा योग पाहिला होता, हे त्या टिप्पणीत नव्हते.

अंतर आहे ते जबाबदारीत. आजोबा ज्या आळीत सांगत, त्याच आळीत राहत. सांगितलेले चुकले तर ती चूक रोज सकाळी ओसरीवरून चालत जाई. तिच्याकडे पाहण्याचे टाळता येई, ती विसरणे शक्य नसे. त्यातूनच ती चौथी ओळ लिहिली गेली. कुडमुड्या जोशाला आपण हिणवीत आलो, त्याचे खरे कारणही हेच असावे. तो दाणे घेऊन पुढच्या गावी जाई, आणि त्याच्या बोलण्याने कोणाचे काय झाले हे पाहावयास तो तेथे नसे. पुतणीला विचारणारी माणसे दूरध्वनीच्या पलीकडे आहेत. कोणी पुण्यात, कोणी दुबईत. त्यांचे पुढे काय होते हे तिला कळण्याचा मार्ग नाही. पत्त्यांमुळे नव्हे, या अंतरामुळे तिचा धंदा कुडमुड्या होण्याचे भय आहे.

हे सारे तिला सांगितले आणि वही तिच्यासमोर ठेवली. तिने समासातील ते तीन शब्द आमच्याकडून दोनदा वाचून घेतले. मग म्हणाली, “काका, माझ्याकडेही बहुतेक प्रश्न लग्नाचेच येतात.” बराच वेळ ती काही बोलली नाही. आठवड्याने तिने एक वही विकत आणल्याचे सांगितले. तारीख, प्रश्न, आपण दिलेले उत्तर आणि घेतलेली रक्कम ती आता त्यात लिहिते, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाला स्वतः विचारते की पुढे काय झाले. पहिल्या पानावर तिने पणजोबांच्या चारही ओळी बाळबोध लिपीत उतरविल्या आहेत. हा धंदा तिने सोडावा असे आम्हांला अजूनही वाटते. आणि ते आम्ही तिला सांगितलेले आहे. पण त्याला ‘कुडमुडा’ म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे उरलेला नाही, हेही सांगितले आहे.

जाता जाता आमच्या वाचकांना एक विनंती. लष्करातील जुने वाडे आता एकामागून एक पडत आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जात आहेत. सनदा आणि तसबिरी आपण राखतो. जमाखर्चाच्या, टिपणांच्या, मोडीतील वह्या मात्र निरुपयोगी म्हणून देऊन टाकतो. आपल्या घराण्यांनी परमुलखात दिवस कसे काढले, कशावर काढले, आणि कोठे चुकले, हे त्या वह्यांतच लिहिलेले आहे. देऊन टाकण्यापूर्वी निदान एकदा मोडी जाणणाऱ्याकडून त्या वाचून घ्याव्यात. आणि वाचताना समासाकडेही लक्ष असू द्यावे.